क्लेबेरच्या मुलीला कुणी शिकवलं

मी जळते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. आमच्या विमानांच्या मैदानावर हे काही गुपित नाही. क्लेबेर माझा नवरा होता, आता नाही, आणि त्याच्या शेजारी कुठलीही बाई जरा जास्त वेळ उभी राहिली की माझ्या कढईतल्या कोशिन्या करपतात. माझी नणंद जांदिरा टपरीवर माझ्यासोबत असते. तिच्या भावाचं नि माझं फाटलं, तिचं नि माझं फाटलं नाही. ती पाठमोरी असली तरी ओरडते, "वहिनी, वास येतोय!" कोंबडी भरलेल्या कोशिन्या करपल्याचा वास वेगळा आणि माझा वेगळा, पण तिला दोन्ही एकदमच येतात.

शनिवार-रविवारी साओ पावलोची माणसं गाड्या भरभरून आमच्याकडे येतात आणि पाठीला पॅराशूट बांधून चांगल्या चालत्या विमानातून बाहेर उड्या टाकतात. शिकवणाऱ्या शाळा दोन. एक फाटकाजवळ, क्लेबेरची. काचेची खोली, गाणी, गार हवा. दुसरी धावपट्टीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये, म्हाताऱ्या आनिबालची. तिथे गाणी नाहीत, आणि खुर्च्या चर्चने टाकून दिलेल्या. क्लेबेरच्या दारावर फलक आहे, उसाच्या ट्रकवाल्यांनाही हमरस्त्यावरून दिसेल एवढा. त्यावर आमची लेक जुसारा, भर आभाळात, वाऱ्याने गाल फुगलेले, शेजारी तिचा बाप हसतोय, आणि खाली लिहिलंय, 'माझ्या मुलीला मी शिकवलं. तुम्हालाही शिकवीन.'

मारिलिया आली ती ऑगस्टात. ऊस तोडणीला आलेला, लाल धूळ दातांत. ती कांपिनासहून आलेली दातांची डॉक्टर, अंगात पिवळा झगा, सत्तेचाळीसची, पण दिसत नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण मी त्रेपन्नची आहे आणि दिसते. आधी कुठल्याच शाळेत न जाता ती सरळ माझ्या टपरीवर आली, एक कॉफी मागितली आणि म्हणाली, "दोना ओदेत ना तुम्ही? मला उडी मारायला शिकायचंय. पाठीला कुणाला तरी बांधून घेऊन नाही, माझी मी. सुरक्षित जागा कुठली ते सांगाल का? तुम्ही रोज इथेच असता, तुम्हाला ठाऊक असणार."

प्रश्न शहाणा होता आणि बाईही शहाणी होती. तेव्हा मला तिचा काहीच राग नव्हता. मी म्हटलं, "आनिबालकडे जा."

"का?"

"वारा सुटला की त्याचे सगळे शिकाऊ माझ्या टेबलांवर येऊन बसतात. तो त्यांना वर सोडतच नाही. दिवसभर खातात, चरफडतात, म्हाताऱ्याला शिव्या घालतात. माझ्या स्वयंपाकघराचं नवं छप्पर त्या म्हाताऱ्याच्या भीतीवर चढलंय."

"आणि क्लेबेरचे?"

"ते उडी मारून आल्यावर येतात. कुणी लंगडत येतो, कुणी नाचत."

ती खळखळून हसली. मलाही ती आवडली. तिथेच सगळा घोळ आहे. ती वाईट असती तर माझं अर्धं काम सोपं झालं असतं.

मग ती दोन्ही शाळा बघून आली. हिरड्या तपासल्यासारखं सगळं तपासलं. शिकवणाऱ्यांचे परवाने, राखीव पॅराशूट कोण घडी घालतं, शेवटच्या क्षणी ते आपोआप उघडणारं यंत्र आहे का, कानात रेडिओ देतात का, विमान कोण चालवतं. ती येऊन सांगू लागली, "कागदावर दोघं सारखेच आहेत हो." खरंच होतं ते. क्लेबेर काही फसवा नाही. त्याचं सामान चांगलं, परवाना खरा, आणि आभाळात त्याच्याइतकं देखणं कुणी उडत नाही, हे मी अजूनही म्हणते. त्याच्यात एकच खोट. त्याच्या तोंडात सतत एकच वाक्य असतं, "काही होत नाही." वारा वाढलाय? काही होत नाही. शिकाऊ घाबरलाय? काही होत नाही. बायको रडतेय? काही होत नाही. आणि बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, म्हणून तर माणूस सुधारत नाही.

आनिबालने तिला सांगितलं होतं, "दोन शनिवार जमिनीवर. तुळईला टांगून घेईन, हात आपोआप पॅराशूटच्या मुठीवर जाईपर्यंत. आणि त्याच्याही आधी एकदा वाऱ्याच्या दिवशी ये आणि नुसती बस. चांगल्या दिवशी सगळेच चांगले असतात." हे तो प्रत्येकालाच सांगतो. निम्मे तिथूनच क्लेबेरकडे वळतात.

क्लेबेरने तिला काय सांगितलं ते मला विचारावं लागलं नाही. तो तिला घेऊनच टपरीवर आला, पाठीवर हात ठेवून. "ओदेत, दोन कॉफी. डॉक्टरबाईंना बिनसाखरेची." अर्ध्या तासाच्या ओळखीत त्याने लक्षात ठेवलं होतं. अठरा वर्षं माझ्यासोबत संसार केला, दुधाच्या कॉफीने मला जळजळतं हे काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

मग त्याने तिला खाली पडतानाची ढब शिकवली, माझ्याच बाकावर. ती पोटावर पालथी झोपली, त्याने गुडघे धरून उचलले, हनुवटी वर केली. "पोट खाली, बाकी सगळं वर. केळं असतं ना, तशी वाकायची. अगदी सैल. हं, असं! अरे वा, डॉक्टरबाई, तुम्ही तर जन्मापासून उडताय!" ती खुदखुदत होती, बाक करकरत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षांत मला एकदाही 'चल, तूही वर चल' म्हणाला नाही. मी विचारलंच होतं एकदा. तेव्हा म्हणाला, "घरात एकाचे तरी पाय जमिनीवर पाहिजेत ना गं."

"वहिनी, वास," जांदिरा म्हणाली.

"येऊ दे."

तो गेल्यावर मी मारिलियाला म्हटलं, "तुम्हाला आनिबालकडे जा म्हणून सांगितलं होतं ना?"

शब्द तेच होते, सकाळचेच. पण मध्ये बाक आला होता आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने, आणि तेच मला जास्त झोंबलं. "क्लेबेर म्हणाला मला, तुमचं पूर्वी… मला माहीत नव्हतं. माझ्या मनात काही नाही हो, दोना ओदेत. मी फक्त शिकायला आलेय."

"मी वाऱ्याबद्दल बोलतेय."

"हो, हो," ती म्हणाली. आजारी माणसाला म्हणतात तसं.

झालं! त्या दिवसापासून माझ्या खऱ्याला कवडीची किंमत राहिली नाही. मी काहीही सांगायला तोंड उघडलं की तिच्या चेहऱ्यावर ती माया यायची. मी म्हणायचे, "काल त्याने वाऱ्याची पिशवी आडवी ताणलेली असताना तीन शिकाऊ वर नेले." ती म्हणायची, "तो म्हणाला, तुम्हाला काळजी वाटते सगळ्यांची." वाऱ्याची नारिंगी पिशवी धावपट्टीच्या मधोमध खांबाला लटकलेली असते. ती ढिली असली तर शिकाऊंनी जावं, भरून आडवी ताणली गेली तर जाऊ नये, हे इथल्या कुत्र्यालाही कळतं. जोराच्या वाऱ्यात नवख्याचं मोठं पॅराशूट पुढे जातच नाही. तोंड वाऱ्याकडे केलं तरी मागे मागे सरकत जातं, आणि आमच्याकडे मागे तोडलेला ऊस आहे, भाल्यासारखी खुंटं, आणि त्यापलीकडे साखर कारखान्याच्या विजेच्या तारा. अजून कुणी तारांत गेलेलं नाही. उसात गेलेत.

जांदिराने मला धरलंच एक दिवस. "खरं सांग वहिनी, तुला तिची काळजी आहे की पोटात दुखतंय?"

"दोन्ही."

"मग काळजी तुझ्यापाशीच ठेव. पोटात दुखणाऱ्याचं फक्त तोंड दिसतं लोकांना."

"म्हणजे मी बघत बसू?"

"माझ्या भावाने काही केलं तर पहिला दगड मी मारीन. पण तू बोललीस की तो आणखी गोड दिसतो, हे कळतं का तुला? सोडलेली बायको दार आपटते आणि शेजारी नवऱ्याची कीव करतात."

कळत होतं. म्हणून मी आनिबालकडे गेले. तो शेडमध्ये एका पोराला तुळईला टांगून ओरडत होता, "तुझं पॅराशूट उघडलं नाही! काय करशील? विचार करू नकोस, हात कुठे?" मला बघून त्याने पोराला तसंच लटकत ठेवलं.

"तुम्ही सांगा तिला," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर गिऱ्हाईक पळवतो म्हणतील." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "तिला पटेल अशी एकच गोष्ट आहे, पोरी. ती मी सांगू शकत नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तुला ठाऊक आहे कुणाला. आणि ती गोष्ट तुलाही ठाऊक आहे."

ठाऊक होती. ती गोष्ट अशी. फलकावरचं वाक्य खोटं आहे. जुसाराला तिच्या बापाने शिकवलेलं नाही.

जुसारा अठराची झाली तेव्हा म्हणाली, आता मी उडी मारणार. आमचं फाटून तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका सकाळी मी पीठ मळत असताना क्लेबेर मागच्या दाराने आत आला आणि बाटल्यांच्या उलट्या खोक्यावर बसला. मग म्हणाला, "ओदेत, माझ्याने नाही होणार. मी चालवून घेतो ना गं सगळं. वारा असला तरी चालवून घेतो. दुसऱ्याचं पोर असलं की जमतं. तिच्या बाबतीत मी चालवून घेतलं आणि…" आणि तो रडला. क्लेबेर! आईच्या मयताला ज्याने चुटकुले सांगितले, तो माणूस माझ्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडला. त्याच्या केसांना माझ्या हातचं पीठ लागलं. "आनिबालकडे दे तिला. पण इथे नको, लोक बघतील. मला विचारू नकोस, फक्त दे."

आनिबालने तिला शेजारच्या राज्यातल्या मैदानावर नेलं आणि शिकवून परत आणलं. मग बापलेकींनी मिळून उडी मारली, तो फोटो खरा आहे. खालची ओळ तेवढी खोटी. जुसारा आता कुरितिबाला नोकरी करते, तिनेही कधी तोंड उघडलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणी कुणाला चावायचं?

पण मी गप्प राहिले त्याचं कारण निव्वळ तेवढंच नव्हतं. क्लेबेरचं हसणं, त्याचं अत्तर, त्याचे विनोद सगळ्या मैदानाचे होते. जो येईल त्याला वाटायचा. ती एक सकाळ त्याने फक्त मला दिली होती. जांदिरालासुद्धा मी सांगितलं नव्हतं. वाईट दिवशी मी ती मनातल्या मनात काढून बघायचे, त्याचं डोकं, केसांतलं पीठ, आणि पुन्हा ठेवून द्यायचे. हे असं काही एखाद्या पिवळ्या झग्यातल्या दातांच्या डॉक्टरला काढून दाखवायचं? मी आनिबालला म्हटलं, "मीही नाही सांगणार." तो पोराला खाली उतरवायला गेला.

तो रविवार उजाडला तोच वाऱ्याचा. नाश्त्याच्या वेळेला पिशवी भरली, दहाच्या सुमाराला आडवी ताणली. आनिबालचे सगळे शिकाऊ माझ्या टेबलांवर येऊन आदळले. चीजचे गोळे संपले, जांदिरा दुसरा घाणा लावायला गेली. आणि पलीकडे क्लेबेरचं छोटं विमान तोंड फिरवून उभं राहिलं.

मारिलिया माझ्याकडे आली ती अंगात निळा पोशाख, पाठीवर पॅराशूट, हातात शिरस्त्राण घेऊन. "पाणी द्या ना, दोना ओदेत. घसा कोरडा पडलाय." पाणी तिच्या हनुवटीवरून खाली सांडलं.

"आज जाऊ नका," मी म्हटलं.

"क्लेबेर म्हणाला, एवढ्याने काही होत नाही."

"ते तो माझ्या बाळंतपणातही म्हणाला होता. वर बघा. पिशवी बघा!"

"तो दोन्ही बघतो, मलाही आणि पिशवीलाही." तिने पेला खाली ठेवला. या वेळी तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती, कंटाळा होता. "एक विचारू का? राग नका मानू. आज माझ्याऐवजी एखादा पुरुष जात असता तर तुम्ही एवढं अडवलं असतंत?"

टेबलांवरची सगळी तोंडं खायची थांबली. माझं तोंड तापलं.

"जळते मी! हो! जळते!" मी ओरडले. "त्याने तुझे गुडघे धरले ते मला बघवलं नाही. तुझी बिनसाखरेची कॉफी मला बघवत नाही. पण मी जळते म्हणून वारा कमी झालाय का गं, बाई? जळणारी बाई खरं बोलूच शकत नाही, असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं आहे ते तिकडे आहे," ती शांतपणे म्हणाली आणि फलकाकडे हात केला. "ज्या माणसाने स्वतःच्या मुलीला त्याच विमानातून, त्याच हातांनी शिकवलं, त्याच्यावर मी विश्वास ठेवायचा नाही? मी सगळं तपासलं, दोना ओदेत. परवाने कुणीही दाखवेल. स्वतःची मुलगी कोण पणाला लावतं? मी त्या एका गोष्टीवर आले इथे."

विमानाचा पंखा फिरू लागला. क्लेबेरने लांबून हात हलवला, 'चला!' ती शिरस्त्राण घालायला लागली, पण हनुवटीखालचा पट्टा तिला लागेना. मला वाटलं, लावू दे. जाऊ दे. बहुतेक वेळा काही होत नाही. हे माझ्या मनात क्लेबेरच्या आवाजात आलं, आणि त्याने मी दचकले.

मी टपरीतून बाहेर आले आणि तिचा पट्टा धरला. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, म्हणजे टेबलांवर ऐकू जाऊ नये. "त्याने नाही शिकवलं तिला. आनिबालने शिकवलं, दुसऱ्या राज्यात नेऊन. क्लेबेरनेच सांगितलं तसं करायला. माझ्याकडे आला होता. म्हणाला, दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत मी चालवून घेतो, माझ्या पोरीच्या बाबतीत नाही चालणार."

ती हललीच नाही. "खोटं."

"जुसाराला फोन लावून देऊ? आनिबाल तिथे बसलाय, त्याला विचार. आता मी सांगून मोकळी झालेय, तो नाही म्हणणार नाही."

तिने आनिबालकडे बघितलं. म्हातारा टेबलावरून आमच्याकडेच बघत होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं, पण माझा चेहरा त्याला दिसत होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान एकदा खाली केली.

मारिलियाने शिरस्त्राण काढलं. केस चिकटले होते. मला वाटलं, आता ती चिडेल, क्लेबेरला शिव्या देईल, आणि देवाशपथ, मी त्याची वाटच बघत होते. पण तिने विचारलं, "हे सांगताना… कसा होता तो?"

"कसा म्हणजे? रडला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला." का सांगितलं मी ते? तेवढं सांगायची काही गरज नव्हती. पण पुरती गोष्ट द्यायची सवय, कोशिन्या अर्ध्या भरत नाही मी कधी.

"रडला?" ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी असं आलं की मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली.

ती विमानापर्यंत चालत गेली. काय बोलली ते पंख्याच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. क्लेबेरने आधी हसून हात उडवले, मग हात खाली आले. त्याने लांबून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही. मग त्याने पिशवीकडे बघितलं, बराच वेळ, पहिल्यांदाच दिसल्यासारखं, आणि वैमानिकाला बोटाने खूण केली. पंखा थांबला. क्लेबेरचं विमान वाऱ्यामुळे थांबलेलं आमच्या मैदानाने कधी बघितलं नव्हतं. टेबलावरच्या एका पोराने टाळ्या वाजवल्या, जांदिराने त्याच्या डोक्यात टपली मारली.

संध्याकाळी तो मागच्या दाराने आला. मी भांड्यांत हात घालून उभी होते.

"सांगितलंस," तो म्हणाला.

"सांगितलं. शिव्या द्यायच्या तर दे."

तो त्याच खोक्यावर बसला. "नाही गं. बरं वाटलं. पाच वर्षं तो फलक बघून रोज आत शिरायचो. कुणीतरी सांगायलाच हवं होतं." आणि हसला. खरंच हलका झाला होता. मी माझ्याकडचं एकुलतं एक काढून देऊन टाकलं होतं आणि त्याला ते ओझं वाटत होतं! मी त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं आणि निघ म्हटलं.

फलक त्याने स्वतः शिडी लावून उतरवला. गिऱ्हाईक कमी झालं, जे राहिलं ते पिशवी ढिली व्हायची वाट बघायला माझ्याच टेबलांवर येऊन बसू लागलं. जांदिरा म्हणते, तुझं दुसरं छप्पर पण होणार बघ. मारिलिया आनिबालकडे गेली. दोन शनिवार तुळईला लटकली, एक वाऱ्याचा दिवस नुसती बसली, एकदा तर रडकुंडीला आली, पण टिकली. आणि शांत सकाळी, पिशवी खांबाला चिकटून लोंबत असताना, तिने एकटीने पॅराशूट उघडलं, वळणं घेतली आणि गवतावर दोन पायांवर उतरली, बायका बसमधून उतरतात तशी. म्हातारा रेडिओत ओरडत होता, "सुंदर! सुंदर!" मैदानाची रीत आहे, पहिली उडी मारणाऱ्याने सगळ्यांना बिअर पाजायची. तिने माझा अख्खा फ्रिज रिकामा केला.

आणि गवतावर तिला उचलून धरायला पहिला कोण धावला? क्लेबेर. दुसऱ्या शाळेची विद्यार्थिनी, पण धावला. तिनेही त्याच्या गळ्यात हात टाकले. उडी मारायला तिने आनिबाल निवडला होता, आणि उरलेल्या सगळ्याला दुसराच. सगळ्या मैदानाला आधीच ठाऊक होतं. मला त्या क्षणी कळलं, किंवा त्या क्षणी कळून घ्यावं लागलं.

बिअरचा गोंधळ चालू असताना ती माझ्याकडे आत आली, घामेजलेली, गाल लाल, आणि मला घट्ट मिठी मारली. "तुम्ही नसतात तर मी तारांत लटकले असते."

"असू दे हो. काही होत नाही," मी म्हटलं.

"आणि एक," ती हळूच म्हणाली. तिला वाटत होतं ती मला काहीतरी देतेय. "तुम्ही सांगितलं नसतं ना, तर मला तो नुसता गोडबोल्या वाटला असता. चार दिवसांत सोडून दिला असता मी. पण मुलीसाठी रडणारा माणूस… काल पुन्हा बोलला त्या सकाळबद्दल. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला हो, लहान पोरासारखा. मी म्हटलं, दोना ओदेतला सांगितलंच पाहिजे."

मी म्हटलं, बरं झालं. अजून काय म्हणणार? ती बाहेर गेली, बाहेर कुणीतरी गाणं लावलं. जांदिरा आत डोकावली आणि नेहमीसारखं वासाबद्दल काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण माझ्याकडे बघून मिटलं. माझ्या हातून झारा घेऊन मला त्या खोक्यावर बसवलं आणि दार लावून घेतलं.